सेरोटोनिन, त्याचे रिसेप्टर आणि बस्तिस्नायूचे आकुंचन : एक अभ्यास

प्रस्तावना

मूत्रविकाराचा रुग्ण आज वैद्याकडे येतो तेव्हा बहुधा तो दोन-चार आधुनिक औषधेही घेत असतो. नैराश्यासाठी, निद्रानाशासाठी, पोटफुगीसाठी किंवा जुनाट मलावष्टंभासाठी सुरू असलेल्या या औषधांचा आपल्या मूत्रप्रवृत्तीशी काही संबंध असेल, असे त्याच्या मनातही येत नाही. म्हणून विचारल्याशिवाय तो त्यांचा उल्लेख करीत नाही. वास्तविक यांपैकी अनेक औषधे सेरोटोनिन या एकाच द्रव्याच्या कार्यात बदल घडवून आणतात आणि या द्रव्याचा बस्तीच्या धारण व विसर्जन या दोन्ही कर्मांशी निकट संबंध आहे. दुसरीकडे वनौषधींच्या माहितीपत्रकांतून ‘सेरोटोनिन रिसेप्टरवर कार्य करणारे’ अशी विधाने छापली जातात. त्यांचा नेमका अर्थ काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

प्रस्तुत लेखात सस्तन प्राण्यांच्या मूत्राशयावर सेरोटोनिनची क्रिया कशी होते, ती प्राणिपरत्वे का बदलते आणि त्यातून वैद्यांनी व फार्मसीचालकांनी कोणता बोध घ्यावा, याचा परामर्श आम्ही घेत आहोत. बस्ती हा शब्द येथे मूत्राशय या अर्थाने योजला आहे, पंचकर्मातील बस्ती या अर्थाने नव्हे. तथापि या दोहोंचा संबंध येथे स्मरणात ठेवण्याजोगा आहे. वृद्ध बैल, महिष, हरिण, वराह, अज इत्यादी प्राण्यांच्या मूत्राशयापासून बस्तियंत्राचा पुटक करावा, असे चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात सांगितले आहे. प्राचीन वैद्यांनी प्राण्यांचे मूत्राशय साधन म्हणून वापरले. आधुनिक शास्त्रज्ञ तेच मूत्राशय जिवंत उतकाच्या रूपात अभ्यासतात.

बस्तीचे प्राकृत कार्य

मूत्राशयाची भिंत डेट्रुसर नावाच्या अनैच्छिक स्नायूची बनलेली असते. प्रौढ व्यक्तीच्या बस्तीत साधारणतः ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र साठू शकते आणि १५० ते २०० मिलिलिटरच्या सुमारास प्रथम वेगाची जाणीव होते. साठवणुकीच्या काळात हा स्नायू सैल राहतो आणि बस्तिमुख व मूत्रमार्गाचा बाह्य वलयस्नायू आवळलेला असतो. विसर्जनाच्या वेळी याच्या नेमके उलट घडते.

या कार्यात तीन प्रकारच्या नाड्या भाग घेतात. त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या खंडांतून निघणाऱ्या पॅरासिंपॅथेटिक नाड्या अ‍ॅसिटिलकोलिन स्रवतात. ते डेट्रुसरवरील एम-३ रिसेप्टरला बिलगले की आकुंचन घडते. सिंपॅथेटिक नाड्या साठवणुकीला साहाय्य करतात. त्या मानवात बीटा-३ रिसेप्टरद्वारे डेट्रुसर सैल ठेवतात व अल्फा-१ रिसेप्टरद्वारे बस्तिमुख आवळतात. तिसरी प्युडेंडल नाडी ऐच्छिक असून ती बाह्य वलयस्नायूचे नियमन करते.

येथे एक भेद आरंभीच ध्यानात घ्यावा लागतो. उंदीर, घूस, गिनीपिग यांसारख्या प्राण्यांत अ‍ॅसिटिलकोलिनखेरीज एटीपी हे द्रव्यही नाडीच्या टोकातून स्रवून आकुंचन घडवते. त्यामुळे अ‍ॅट्रोपीन दिले तरी या प्राण्यांच्या बस्तिस्नायूचे आकुंचन पूर्णपणे थांबत नाही. निरोगी मानवी डेट्रुसरमध्ये मात्र ते जवळजवळ संपूर्ण थांबते. म्हणजे सेरोटोनिनचा विचार करण्यापूर्वीच प्राण्याची बस्ती व मानवाची बस्ती यांत अंतर पडलेले असते.

सेरोटोनिनचा परिचय

रक्त गोठताना रक्तवाहिनी आवळणारे एक द्रव्य रक्तरसात उतरते, हे फार पूर्वीपासून ज्ञात होते. १९४८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रॅपोर्ट, ग्रीन व पेज यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले व त्यास सेरोटोनिन हे नाव दिले. इटलीतील एर्स्पामेर यांनी आतड्याच्या अंतस्त्वचेतील पेशींतून शोधलेले ‘एंटेरामीन’ हे तेच द्रव्य असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९५३ मध्ये ट्वारोग व पेज यांनी ते मेंदूतही असल्याचे दाखवले. ट्रिप्टोफॅन या आहारातील अमिनो आम्लापासून शरीर ते तयार करते. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. उर्वरित अंश मुख्यतः रक्तातील प्लेटलेट व मज्जासंस्थेत आढळतो. मूत्रमार्ग व पौरुषग्रंथी यांच्या अस्तरातील काही विशिष्ट पेशींतही ते असते.

या द्रव्याच्या इतिहासात आपल्या दोन वनस्पतींना मानाचे स्थान आहे. पहिली सर्पगंधा. मुंबईतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबातील तिच्या उपयोगाचा अभ्यास ब्रिटिश हृदयरोग पत्रिकेत प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पीन वेगळे झाले आणि १९५५ मध्ये ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रिसर्पीनमुळे मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिक्त होतो हे दाखवले. मन व सेरोटोनिन यांचा संबंध जोडण्यात या शोधाचा मोठा वाटा आहे. दुसरी कपिकच्छू अर्थात खाजकुइली. तिच्या शेंगेवरील लवेत सेरोटोनिन असल्याचे १९५४ मध्ये आढळले. मात्र औषधात वापरले जाणारे तिचे बीज लेव्होडोपासाठी प्रसिद्ध आहे. लव व बीज यांच्या गुणांची गल्लत होता कामा नये.

केळ्यासारख्या फळातही सेरोटोनिन असते. परंतु मुखावाटे घेतलेले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत प्रवेश करू शकत नाही. म्हणून ‘अमुक द्रव्यात सेरोटोनिन आहे’ एवढ्यावरून त्याची मेंदूवरील किंवा बस्तीवरील क्रिया सिद्ध होत नाही.

रिसेप्टर : एक किल्ली, अनेक कुलपे

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणावरील असा प्रथिनरेणू, की ज्याला विशिष्ट द्रव्य बिलगले असता पेशीत ठराविक क्रिया सुरू होते. १९५७ मध्ये गॅडम व पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्यावर प्रयोग करून सेरोटोनिनचे किमान दोन प्रकारचे रिसेप्टर असले पाहिजेत असे दाखवले. आज त्यांची सात कुले व सुमारे चौदा उपप्रकार ज्ञात आहेत. ५-एचटी या सेरोटोनिनच्या रासायनिक संक्षेपापुढे अंक लावून ते ओळखले जातात. आपल्या विषयापुरते पुढील प्रकार पुरेसे आहेत.

१) ५-एचटी-१ : पेशीतील सायक्लिक एएमपी या संदेशवाहकाची निर्मिती कमी करतो. परिणाम सामान्यतः अवरोधक.

२) ५-एचटी-२ : पेशीत कॅल्शियम मुक्त करतो. अनैच्छिक स्नायूवर असल्यास आकुंचन घडवतो.

३) ५-एचटी-३ : हा स्वतःच आयनांची वाट उघडणारा दरवाजा आहे. तो नाडीपेशींवर असून त्यांना तत्काळ उत्तेजित करतो.

४) ५-एचटी-४ व ५-एचटी-७ : दोन्ही सायक्लिक एएमपी वाढवतात.

यातील चौथा प्रकार विशेष विचारार्ह आहे. सायक्लिक एएमपी नाडीच्या टोकात वाढले तर अ‍ॅसिटिलकोलिनचा स्राव वाढतो, म्हणजे स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. तेच सायक्लिक एएमपी प्रत्यक्ष स्नायुपेशीत वाढले तर स्नायू सैल होतो. मानवी बृहदंत्राच्या वर्तुळाकार स्नायूवरील ५-एचटी-४ रिसेप्टर अशाच रीतीने शैथिल्य घडवतो. रिसेप्टर तोच, संदेशही तोच, परंतु स्थान बदलले की फळ उलटे. हा एक मुद्दा ध्यानात राहिला तर पुढील सर्व विसंगती समजण्यास सुलभ होते.

प्राणिपरत्वे क्रियाभेद

या प्रयोगांची पद्धत थोडक्यात अशी. बस्तीच्या भिंतीची एक पट्टी काढून ती ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या, प्राणवायूयुक्त क्षारद्रवात टांगतात आणि तिचे एक टोक ताणमापकाला जोडतात. विद्युत्स्पंदनांनी पट्टीतील नाड्या उत्तेजित केल्या की आकुंचन होते व त्याचा आलेख मिळतो. नंतर सेरोटोनिन घालून आलेख वाढतो की घटतो ते पाहतात. पुढे एकेका रिसेप्टरचा रोधक वापरून क्रिया कोणामार्फत झाली हे ठरवतात.

या पद्धतीने मिळालेले निष्कर्ष असे :

१) मूषक व ससा : सेरोटोनिनमुळे नाडीजन्य आकुंचन वाढते व त्यात नाडीवरील ५-एचटी-३ रिसेप्टरचा भाग प्रमुख असतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हा रिसेप्टर सतत उत्तेजित राहील असा जनुकीय बदल केलेल्या मूषकांच्या बस्ती फुगून मोठ्या झाल्या आणि नर मूषक मूत्रावरोधाने अल्पवयात दगावले. आकुंचन वाढवणारा रिसेप्टर अखंड चेतलेला राहिला असता अंती बस्तीच निकामी होते, ही गोष्ट मननीय आहे.

२) गिनीपिग : येथे ५-एचटी-२ए व ५-एचटी-४ हे दोन्ही आकुंचन वाढवण्यात सहभागी असतात.

३) घूस जातीचा प्रयोगशाळेतील मोठा उंदीर : २००४ मधील एका अभ्यासानुसार त्याच्या बस्तीवरील उत्तेजक परिणामात ५-एचटी-७ चा सहभाग आहे.

४) मानव : शस्त्रक्रियेत मिळालेल्या मानवी डेट्रुसरच्या पट्ट्यांवर १९९० च्या दशकात इटलीतील संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत सेरोटोनिनने नाडीजन्य आकुंचन वाढवले. ही क्रिया नाडीच्या टोकावरील ५-एचटी-४ रिसेप्टरमार्फत, अ‍ॅसिटिलकोलिनचा स्राव वाढवून होते.

५) वानर : १९९४ मध्ये ऱ्हिसस व सायनोमोल्गस या दोन जातींच्या माकडांच्या बस्तीवर केलेल्या अभ्यासात त्याच ५-एचटी-४ रिसेप्टरची क्रिया अवरोधक आढळली.

शेवटच्या दोन निष्कर्षांकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. जो प्राणी मानवाला सर्वांत निकटचा, त्याच्याच बस्तीत परिणाम मानवाच्या विरुद्ध दिशेने होतो. उलट दूरच्या गिनीपिगमध्ये ५-एचटी-४ ची दिशा मानवासारखीच आढळते. तेव्हा प्राणी जवळचा म्हणून निष्कर्ष जवळचा, हे अनुमान येथे टिकत नाही.

मज्जारज्जू व मेंदू यांतील क्रिया

बस्तीच्या भिंतीपेक्षाही सेरोटोनिनचा प्रभाव मज्जासंस्थेत अधिक व्यापक आहे. मस्तिष्कस्तंभातील राफे नावाच्या पेशीसमूहातून सेरोटोनिनयुक्त तंतू मज्जारज्जूत उतरतात. मांजरावरील प्रयोगांत या समूहाचे उत्तेजन केले असता बस्तीचे आकुंचन दबते असे आढळले. म्हणजे सामान्यतः हा मार्ग धारणकर्माच्या बाजूचा आहे.

त्रिकास्थीय मज्जारज्जूतील ओनुफ केंद्रातून बाह्य वलयस्नायूकडे जाणाऱ्या नाड्या निघतात. या केंद्रात सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांचे तंतू दाटीने पसरलेले असतात. या दोन्ही द्रव्यांचे पुनर्शोषण रोखणारे ड्युलोक्सेटीन हे औषध १९९५ मध्ये मांजरावर तपासले गेले तेव्हा क्षोभित बस्तीची धारणक्षमता वाढली व वलयस्नायूची क्रियाही वाढली. याच आधारावर खोकताना-शिंकताना मूत्र सुटण्याच्या स्त्रियांमधील विकारासाठी युरोपात २००४ मध्ये त्यास मान्यता मिळाली. अमेरिकेत मात्र या विकारासाठीचा अर्ज २००५ मध्ये मागे घेण्यात आला. तेथे ते नैराश्य व अन्य विकारांसाठी वापरले जाते.

मज्जासंस्थेतही प्राणिभेद सुटत नाही. ५-एचटी-१ए रिसेप्टर उत्तेजित केला असता प्रयोगशाळेतील उंदरात मूत्रविसर्जनाची प्रतिक्षिप्त क्रिया सुलभ होते, तर मांजरात ती दबते व धारणक्षमता वाढते.

औषधांच्या वापरातून आलेला अनुभव

प्रयोगशाळेतील हे निष्कर्ष रुग्णांतही प्रत्ययास येतात. आतड्यांची गती वाढवण्यासाठी पूर्वी सर्रास दिले जाणारे सिसाप्राइड हे ५-एचटी-४ चे उत्तेजक. ते घेणाऱ्या काही रुग्णांत वारंवार मूत्रप्रवृत्ती आढळली. हृदयगतीवरील घातक परिणामांमुळे अमेरिकेच्या बाजारातून ते २००० मध्ये मागे घेतले गेले आणि भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. मलावष्टंभासाठी आज वापरात असलेले प्रुकॅलोप्राइड याच वर्गातील असून त्याच्या माहितीपत्रकातही वारंवार मूत्रप्रवृत्ती हा उपद्रव नोंदवलेला आहे. मोसाप्राइडही ५-एचटी-४ चे उत्तेजक आहे.

नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या सेरोटोनिन-पुनर्शोषण-रोधक औषधांचा परिणाम एकसारखा नसतो. नेदरलँड्समधील २००२ च्या एका अभ्यासात ती घेणाऱ्यांत, विशेषतः वृद्धांत, मूत्र अनिच्छेने सुटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. ड्युलोक्सेटीन घेणाऱ्या काहींना मात्र मूत्र सुरू होण्यास विलंब लागतो. जुन्या पिढीतील अ‍ॅमिट्रिप्टिलीन व इमिप्रॅमीन ही औषधे सेरोटोनिनबरोबर अ‍ॅसिटिलकोलिनच्या कार्यातही अडथळा आणतात. म्हणून इमिप्रॅमीन मुलांच्या शय्यामूत्रात उपयोगी पडले आणि हीच औषधे पौरुषग्रंथी वाढलेल्या वृद्धात मूत्रसंग घडवू शकतात.

आयुर्वेदीय दृष्टीने विचार

मूत्राचे निष्क्रमण हे अपान वायूचे कर्म होय. शिर, हृदय व बस्ती या तीन प्रधान मर्मांचा एकत्र विचार चरकाचार्यांनी केला आहे. मूत्राघाताचे चरकांनी तेरा, तर सुश्रुतांनी बारा प्रकार सांगितले आहेत. मूत्रवेग धारण केल्याने बस्ती व मेहन यांच्या ठिकाणी शूल, मूत्रकृच्छ्र आणि शिरःशूल होतो, असे सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. बस्तीच्या व्याधीचे लक्षण शिरःस्थानी प्रकट होते, हे निरीक्षण मेंदू व बस्ती यांच्या नाडीसंबंधाचा विचार करताना लक्षणीय वाटते.

तथापि येथे एका मोहापासून दूर राहणे आम्हांस आवश्यक वाटते. ‘अपान वायू म्हणजेच सेरोटोनिन’ अशी समीकरणे व्याख्यानांतून मांडली जातात. ती दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारी आहेत. वायू ही कर्मावरून अनुमेय अशी संकल्पना आहे, तर सेरोटोनिन हा मोजता येणारा रेणू आहे. तोच रेणू मानवाच्या बस्तीत आकुंचन वाढवतो व वानराच्या बस्तीत घटवतो. अपानाचे स्वरूप असे प्राणिपरत्वे उलटत नाही. समीकरणाऐवजी पद्धतीचे साम्य पाहणे अधिक फलदायी ठरेल. द्रव्याचे कर्म देश, काल, प्रकृती व अधिष्ठान यांवर अवलंबून असते हा आपला सिद्धांत आहे. रिसेप्टरशास्त्रानेही अधिष्ठान बदलले की कर्म बदलते, हेच स्वतंत्र मार्गाने दाखवले आहे.

व्यवहारातील सूचना

वैद्यांसाठी :

१) मूत्रविकाराच्या प्रत्येक रुग्णास नैराश्य, निद्रा, अर्धशिशी, पोटफुगी, मलावष्टंभ यांवरील चालू औषधांची नावे विचारावीत. शक्य तर वेष्टने पाहावीत. लक्षणांचा आरंभ व औषधाचा आरंभ यांच्या तारखा ताडून पाहाव्यात.

२) औषधाचा संशय आला तरी रुग्णाने ते स्वतःहून एकाएकी बंद करू नये. मानसविकारांवरील औषधे अचानक थांबवल्यास अपाय होतो. मूळ चिकित्सकास लेखी कळवावे.

३) धत्तूर व पारसिक यवानी यांतील क्षारद्रव्ये अ‍ॅसिटिलकोलिनचे कार्य रोखतात. अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखे औषध घेणाऱ्या वृद्धास असे कल्प देताना मूत्रसंगाची शक्यता विचारात घ्यावी.

४) नैराश्याच्या रुग्णात सर्पगंधेचा वापर टाळावा.

५) मूत्र पूर्णपणे अडणे, मूत्रातून रक्त जाणे, ज्वरासह कटिशूल, किंवा पायांत अशक्तता व गुदाभोवती बधिरता यांसह मूत्रसंग असल्यास वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे.

फार्मसीचालकांसाठी :

१) माहितीपत्रकात ‘बस्तिस्नायूवर क्रिया सिद्ध’ असे लिहिण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. प्राणी कोणता? पट्टीवरील प्रयोग की सजीव प्राण्यावरील? मात्रा किती? मानवावर अभ्यास झाला आहे काय? यांची उत्तरे नसतील तर ते विधान छापू नये.

२) पौरुषग्रंथीचे विकार आणि बस्तीतील अश्मरी यांवरील उपचाराच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याचे बंधन आहे, याचे भान ठेवावे.

३) ग्रिफोनिया या आफ्रिकी वनस्पतीच्या बीजापासून काढलेले, शरीरात सेरोटोनिनमध्ये रूपांतरित होणारे ५-एचटीपी पूरक आहार म्हणून विकले जाते. नैराश्यावरील औषध घेणाऱ्याने ते सोबत घेतल्यास सेरोटोनिनची घातक वाढ होऊ शकते. कंप, अतिस्वेद, ज्वर व संभ्रम ही तिची लक्षणे होत. ‘वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक’ असे सांगून ते देऊ नये.

उपसंहार

सेरोटोनिन बस्तीचे आकुंचन वाढवते की घटवते, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कोणत्या प्राण्यात, कोणत्या रिसेप्टरमार्फत, नाडीच्या टोकावर की स्नायूवर, बस्तीत की मज्जारज्जूत, हे सांगितल्यावरच उत्तर देता येते. मानवापुरते बोलायचे तर बस्तीच्या भिंतीत ते ५-एचटी-४ द्वारे आकुंचनास बळ देते आणि मज्जारज्जूत वलयस्नायूला बळ देऊन धारणास साहाय्य करते. म्हणूनच एकाच वर्गातील औषधाने एका रुग्णाचे मूत्र सुटते, तर दुसऱ्याचे अडते. रुग्णासमोर बसलेल्या वैद्याने हे जाणून चालू औषधांची एक साधी पृच्छा केली, तर कित्येकदा नवे औषध जोडण्यापूर्वीच व्याधीचा हेतू हाती लागेल. निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला पाठ येथेही तितकाच लागू आहे.